उतरत्या पाण्याची वाट: एक सेलिंग क्लब, एक गाव आणि गाळपेराची जमीन

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील एका धरणाच्या काठावर घडलेले हे प्रकरण आहे. धरणाचे, गावाचे आणि क्लबचे नाव येथे दिलेले नाही, आणि कोणाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्या काळात मी क्लबच्या कार्यकारिणीवर होतो. त्यामुळे हे लिखाण तटस्थ निरीक्षकाचे नाही, ज्यांनी निर्णय घेतले त्यांच्यापैकी एकाचे आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

शिडाच्या होड्यांचा खेळ आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. मुंबईतील रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा, पुण्यातील रॉयल कॉनॉट बोट क्लब १८६८ सालचा. आवार, फाटक, सभासदांची यादी आणि फाटकाच्या आत पाण्याची वाट, अशी क्लबची जी कल्पना त्या काळी रुजली, तीच आमच्यापर्यंत चालत आली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी हा खेळ पुढे धरणांच्या पाण्यावर नेला. देशातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, पण गोड्या पाण्याची मोठी नैसर्गिक सरोवरे येथे जवळपास नाहीत. त्यामुळे आपल्याकडे तळ्याकाठचा सेलिंग क्लब म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या जलाशयाच्या काठचा क्लब असतो, आणि त्या जलाशयाच्या तळाशी कोणाचे तरी घर, शेत आणि देऊळ असते.

या भागात ही आठवण पुसट झालेली नाही. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह १९२१ साली सुरू झाला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा मात्र १९७६ साली झाला. आमच्या प्रकरणातील धरण त्या कायद्याच्या आधीचे आहे. बुडालेल्या गावातील काही कुटुंबे दूर गेली आणि काही पूर्ण जलसंचय पातळीच्या, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जेथवर येते त्या रेषेच्या, लगेच वर, डोंगराच्या कुशीत, नवी वस्ती करून राहिली. या राहिलेल्या कुटुंबांचा एक मोठा आधार म्हणजे गाळपेराची जमीन.

शहरातील वाचकासाठी गाळपेर म्हणजे काय ते सांगणे आवश्यक आहे, कारण क्लबमधील आम्हा बहुतेकांनाही ते ठाऊक नव्हते. पावसाळा संपला की सिंचनासाठी आणि पिण्यासाठी पाणी सोडले जाते आणि जलाशयाचा काठ हळूहळू उघडा पडतो. त्या गाळात ओल टिकून असते, त्यामुळे वेगळे पाणी न देता तेथे हरभरा, गहू, ज्वारी आणि जनावरांचा चारा येतो. ही जमीन जलसंपदा विभागाची असते आणि हंगामापुरती भाडेपट्ट्याने दिली जाते. तिच्या वाटपात धरणग्रस्तांना प्राधान्य असते. उन्हाळ्यात शेत म्हणून दिसणारी ही जमीन ऑगस्टमध्ये पुन्हा पाण्याखाली जाते, त्यामुळे तेथे कायमचा बांध, कुंपण किंवा खूण राहत नाही.

क्लबची जागा पूर्ण जलसंचय पातळीच्या वरच्या अंगाला, भाडेकराराने मिळालेली. तेथून पाण्यात उतरणारा सिमेंटचा उतार आम्ही बांधून घेतला होता. होड्या तीन प्रकारच्या: पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची २.३ मीटर लांब आणि ३५ किलो वजनाची ऑप्टिमिस्ट, एकट्याने चालवायची लेझर आणि दोघांची एंटरप्राइज. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असले की या होड्या चाकांच्या गाड्यावर ठेवून उतारावरून थेट पाण्यात नेता येत. संक्रांतीच्या सुमारास पाणी उताराच्या टोकाच्या खाली जाई, आणि तेथून पुढे काय करायचे याचा विचार आम्ही कधीच नीट केला नव्हता.

समस्या

सुरुवातीच्या वर्षांत होड्या मोजक्या होत्या. उताराचे टोक संपले की चार जण गाडा धरून गाळातून चालत जात, शेतांच्या कडेकडेने वाट काढत, आणि त्याबद्दल कोणी काही बोलले नाही. हे मौन म्हणजे संमती आहे असे आम्ही समजलो. वस्तीतील लोकांच्या दृष्टीने ते केवळ सहन करणे होते, आणि हा फरक आम्हाला पुष्कळ उशिरा समजला.

जलाशयाचा काठ किती सरकतो याचा एक साधा हिशेब आहे. काठाचा उतार वीसास एक असेल, तर पाणी एक मीटर उतरले की काठ वीस मीटर मागे जातो; पाणी दहा मीटर उतरले की क्लबच्या उतारापासून पाण्यापर्यंत दोनशे मीटर जमीन उघडी पडते. आमच्या बाजूचा काठ असाच सपाट होता. क्लबसाठी जागा निवडताना हाच सपाटपणा आम्हाला सोयीचा वाटला होता, आणि नेमक्या त्याच कारणाने गावासाठी ती गाळपेराची सर्वांत चांगली जमीन होती.

पुढे क्लबने शनिवार-रविवारी मुलांचे वर्ग सुरू केले आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शर्यतींची मालिका ठेवली, कारण त्या महिन्यांपासून दुपारचा पश्चिमेचा वारा बऱ्यापैकी भरवशाचा होतो. होड्या वाढल्या. सुरक्षेसाठी यंत्राची होडी आली, आणि ती गाळातून माणसांना ओढवेना म्हणून एका रविवारी भाड्याचा ट्रॅक्टर आणला गेला. त्याची चाके घाटे धरलेल्या हरभऱ्यातून गेली. दुपारी शेतावर आलेल्या नवरा-बायकोने ते पाहिले. त्यांनी क्लबच्या फाटकाशी येऊन विचारणा केली, तेव्हा तेथे असलेल्या सभासदाने, ही जमीन सरकारची आहे, तुमची नाही, असे उत्तर दिले.

कायद्याच्या दृष्टीने ते वाक्य खरे होते. पण त्या कुटुंबाने घरची जमीन त्याच सरकारी धरणाला दिली होती, आणि ज्या तुकड्यावर हरभरा उभा होता तो त्यांच्याच जुन्या शिवारातला होता. पुढच्या शनिवारी क्लबच्या उताराच्या टोकाशी बाभळीच्या शिऱ्या रचून वाट बंद केलेली आढळली.

त्याच सुमारास दुसरा वाद उभा राहिला. जलाशयातील मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे होता. पाणी उतरते तसे मासे जुन्या नदीपात्राच्या खोल भागात गोळा होतात, त्यामुळे जाळीही तेथेच लागतात. शिडाच्या होडीच्या तळातून खाली सोडलेल्या फळीला आणि सुकाणूला खोल पाणी लागते, म्हणून आमच्या शर्यतीही नेमक्या त्याच पट्ट्यात होत. एका आठवड्यात दोन जाळी फाटली. ती कोणाच्या होडीने फाडली हे ठरवता आले नाही, आणि कोणी पुढे येऊन सांगितलेही नाही.

पहिला निर्णय, आणि तो चुकीचा का होता

कार्यकारिणीने घेतलेला पहिला निर्णय तक्रारीचा होता. वाट अडवली गेल्याबद्दल आम्ही धरणाच्या उपविभागीय कार्यालयाला पत्र दिले, आणि गावाशी बोलण्याच्या आधी दिले. मी स्वतः त्या पत्राच्या बाजूने मत दिले होते. कार्यालयातून मिळालेले उत्तर आम्हाला अनपेक्षित होते: क्लबच्या कराराचा नकाशा पूर्ण जलसंचय पातळीच्या रेषेपाशी संपत होता, आणि त्या रेषेच्या खाली क्लबला कोणत्याही वाटेचा हक्क दिलेलाच नव्हता. गाळपेराची परवानगी, मासेमारीचा ठेका आणि आमचा करार या तीन गोष्टी तीन निरनिराळ्या कागदांवर होत्या, आणि त्या एकमेकींना कोठे छेदतात हे कोणी कधी पाहिले नव्हते.

आमची बाजू कागदावरही लंगडी आहे हे या पत्रामुळे कळले, एवढा त्याचा उपयोग झाला. पण क्लब वर तक्रार करतो ही गोष्ट दोन दिवसांत वस्तीत पोहोचली होती, आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत तिची किंमत द्यावी लागली.

समोर असलेले पर्याय

जानेवारी ते जून क्लब बंद ठेवावा, हा पहिला पर्याय. त्याने भांडण मिटले असते, पण वर्षातील चांगल्या वाऱ्याचे महिने आणि मुलांच्या सुट्टीचा काळ, दोन्ही हातचे गेले असते.

दुसरा पर्याय कार्यालयाकडे अर्ज करून गाळपेरातून मुरमाचा सरळ रस्ता मंजूर करून घेण्याचा होता. कार्यकारिणीत याला मोठा पाठिंबा होता, कारण तो एकदाच करायचा आणि कायमचा वाटत होता. त्यासाठी अनेक कुटुंबांच्या तुकड्यांमधून पट्टा कापला गेला असता, आणि दर पावसाळ्यात तो रस्ता गाळाखाली गेला असता. यावर झालेली चर्चा कडवट होती. एका ज्येष्ठ सभासदाने त्या वेळी विचारलेला प्रश्न निर्णायक ठरला: मंजुरी मिळाली तरी त्या रस्त्यावरून आपण मुलांना कोणाच्या नजरेसमोरून नेणार आहोत?

वाटेपुरते शेताचे भाडे त्या त्या कुटुंबाला द्यावे, हा तिसरा पर्याय वरवर न्याय्य दिसत होता. पण गाळपेराची जमीन पोटभाड्याने देणे पट्ट्याच्या अटीत बसणारे नव्हते. शिवाय वाट दर महिन्याला सरकत असल्याने यंदा एकाला पैसे आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्याला, असे होऊन वस्तीतच तेढ निर्माण झाली असती.

चौथा पर्याय होड्या उतरवण्याची जागा पलीकडच्या खडकाळ, उभ्या काठावर नेण्याचा. तेथे काठ फारसा सरकत नाही. पण तीच मच्छीमारांची होड्या लावण्याची जागा आहे, म्हणजे एक भांडण सोडवण्यासाठी दुसरे विकत घेणे झाले असते.

पाचवा पर्याय आम्हाला सुचलेला नाही. तो एका आजींनी दाखवला.

केलेली कृती

सरपंच आणि पोलीस पाटील यांच्या मध्यस्थीने वस्तीच्या देवळात बैठक झाली. क्लबच्या सचिवांनी प्रथम हरभऱ्याच्या नुकसानीबद्दल आणि फाटकाशी दिलेल्या उत्तराबद्दल सर्वांसमोर माफी मागितली, आणि भरपाईचा आकडा त्या कुटुंबाने सांगावा असे सुचवले. भरपाई त्याच बैठकीत दिली गेली. त्यानंतर सचिवांनी जलाशयाचा नकाशा पसरून संभाव्य वाटा दाखवायला सुरुवात केली. बराच वेळ ऐकून घेतल्यावर मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, "साहेब, आमच्या बैलगाड्या कुठून जायच्या, ते विचारलंत का कुणाला?"

पाणी उतरल्यावर बुडालेल्या गावांच्या खुणा वर येतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. उजनीतील पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ किंवा पवना जलाशयातील वाघेश्वराचे देऊळ पाहायला उन्हाळ्यात लोक मुद्दाम जातात. आमच्या जलाशयातही जुन्या गावाची गाडीवाट दर वर्षी वर येत होती. दगड घालून चाकांनी घट्ट झालेली ती वाट नांगराला दाद देत नाही, म्हणून तिच्यावर कोणी पेरत नव्हते. क्लबच्या उतारापासून ती थोडी डावीकडे सुरू होते आणि वळणे घेत जुन्या नदीपात्रापर्यंत जाते. इतकी वर्षे आम्ही तिच्याकडे पाहत होतो आणि तिला दगडांचा पट्टा समजत होतो.

दुसऱ्या दिवशी आजी, दोन शेतकरी, मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष आणि आम्ही चौघे त्या वाटेने पाण्यापर्यंत चाललो. वाटेत जुन्या ग्रामदेवतेच्या देवळाचे जोते लागते. चैत्रात विखुरलेली कुटुंबे तेथे नैवेद्य घेऊन येतात. तेथे होड्या लावायच्या नाहीत, गाडे थांबवायचे नाहीत आणि जोत्याजवळून जाताना पादत्राणे काढायची, असे तेथेच उभे राहून ठरले.

या फेरीतून जो करार निघाला त्याचा गाभा असा की, वाटेच्या अटी ठरावीक जागेशी न बांधता पाण्याच्या पातळीशी बांधल्या गेल्या. पाणी अमुक पातळीच्या वर असेल तर सिमेंटचा उतार वापरायचा; त्याखाली गेले की फक्त गाडीवाट; आणि आणखी खाली गेले, म्हणजे गाडीवाट जेथे नदीपात्राला मिळते ते टोकही उघडे पडले, की क्लबने मोठ्या होड्या बाहेर काढून ठेवायच्या आणि फक्त ऑप्टिमिस्ट खांद्यावर उचलून न्यायच्या. पातळीची नोंद धरणावर रोज होतेच, त्यामुळे कोणता नियम आज लागू आहे यावर वाद होण्याचे कारण राहिले नाही. ट्रॅक्टर कायमचा बंद झाला.

जाळ्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व कामी आले. पाणी भरलेले असताना नदीपात्राचा पट्टा दोघांना पुरतो. मध्यम पातळीला शर्यत दुपारीच घ्यायची, म्हणजे सकाळची जाळी उचललेली असतात. पाणी तळाला गेले की तो पट्टा पूर्णपणे मच्छीमारांचा. जाळ्यांच्या दोन्ही टोकांना पांढरे डबे बांधण्याचे मच्छीमारांनी मान्य केले. डबे आणि दोरीचा खर्च क्लबने उचलला. आदल्या संध्याकाळी जाळी कोठे लागली आहेत, याचा निरोप फोनवर यायचा.

सुरक्षेच्या होडीवर क्लबने मच्छीमार संस्थेतील दोन तरुणांना मानधनावर घेतले. याचा विचार प्रथम सलोख्यासाठी झाला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्याचे खरे मोल मार्चच्या एका दुपारी कळले. समोरच्या खिंडीतून अचानक उतरलेल्या वाऱ्याच्या झोताने तीन ऑप्टिमिस्ट एकदम उलटल्या. मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट होती, पण होड्या वेगवेगळ्या दिशांना वाहू लागल्या होत्या. तो झोत येण्यापूर्वी खिंडीखालचे पाणी काळे पडते हे या दोघांना लहानपणापासून माहीत होते, आणि आमच्या प्रशिक्षकाने शिटी वाजवण्याआधीच त्यांनी होडी वळवली होती. त्यानंतर शर्यतीचा मार्ग आखताना त्यांना विचारल्याशिवाय खुणेचे पिंप पाण्यात टाकले जात नाही.

निष्पत्ती

पुढच्या हंगामांत पिकाच्या नुकसानीची एकच घटना घडली. नवख्या पालकांनी गाडी थेट गाळपेरात नेली होती, आणि भरपाई त्याच दिवशी दिली गेली. जाळी फाटण्याचे प्रकार पूर्ण थांबले नाहीत, पण फाडणाऱ्याने त्याच संध्याकाळी सांगायचे आणि जाळ्याची किंमत द्यायची हा नियम पाळला जातो.

वस्तीतील मुलांसाठी ठेवलेल्या मोफत वर्गाचा अनुभव मात्र अपेक्षेपेक्षा फिका राहिला. पहिल्या हंगामात मुले उत्साहाने आली आणि उन्हाळ्यापर्यंत निम्म्याहून अधिक गळाली. आम्ही कारण मुलांमध्ये शोधत होतो, आणि ते घरांमध्ये होते. या जलाशयात बुडून गेलेली माणसे वस्तीतील प्रत्येकाला नावाने माहीत आहेत. आईवडिलांच्या दृष्टीने धरणाच्या पाण्यात खेळायला जाणे हा धोकाच होता. मुलींच्या बाबतीत कपडे बदलायला बंद खोली नव्हती, इतके साधे कारण होते, आणि ते आम्हाला एका शिक्षिकेने सांगेपर्यंत कळले नाही. खोली बांधली, होडीच्या आधी पोहण्याचा वर्ग सुरू केला आणि तो पाहायला पालकांना काठावर बसवले, तेव्हा गळती कमी झाली.

एका चैत्रात क्लबच्या मोठ्या शर्यतीची तारीख नेमकी ग्रामदेवतेच्या नैवेद्याच्या दिवशी आली. बाहेरून येणाऱ्या स्पर्धकांना कळवून झाले होते. तारीख बदलावी की फक्त जोत्याकडचा भाग मोकळा ठेवावा, यावर कार्यकारिणी दुभंगली. शेवटी तारीख बदलली, आणि त्यामुळे काही बाहेरचे संघ आले नाहीत. मला हा निर्णय आजही योग्य वाटतो, कारण वर्षभरात तो एकच दिवस असा आहे की ज्या दिवशी दूर गेलेली कुटुंबे आपल्या गावात परत येतात.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव वेळेची होती. पहिल्या वर्षी हा करार २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवला गेला. तोवर गाळपेराच्या वरच्या पट्ट्यातील पेरण्या होऊन गेल्या होत्या, आणि वाटेच्या कडेला दोन ठिकाणी उभे पीक असल्याने वाट अरुंद करावी लागली. आता ही चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत होते आणि पाणी उतरू लागताच सर्वांची एक फेरी वाटेवरून होते. पहिल्याच वर्षी एखाद्या शेतकऱ्याला पेरणी कधी करता असे विचारले असते, तरी ही चूक टळली असती.

दुसरी उणीव कागदाची. करार तोंडी होता, आणि तो जपणाऱ्या शाखा अभियंत्यांची बदली झाल्यावर नव्या अधिकाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. गाळपेराचे वाटप नव्याने झाले तेव्हा गाडीवाटेचा काही भाग एका तुकड्यात दाखवला गेला, आणि तो दुरुस्त करून घेण्यात एक अख्खा हंगाम गेला. ग्रामसभेचा ठराव, मच्छीमार संस्थेचे पत्र आणि क्लबचे पत्र हे तिन्ही कार्यालयाच्या एकाच फाइलमध्ये, पातळ्यांच्या तक्त्यासह, पहिल्या वर्षीच लागायला हवे होते. क्लबच्या भाडेकराराचे नूतनीकरण होईल तेव्हा गाडीवाटेची अट त्यातच घालून घेण्याची मागणी आम्ही केली आहे. ती अद्याप मान्य झालेली नाही.

तिसरी गोष्ट बैठकीला कोण होते याची. देवळातील बैठकीत शेतकरी होते, मच्छीमार संस्था होती, क्लब होता. ज्यांचे कोणत्याच कागदावर नाव नाही त्यांना बोलावले गेले नाही: संस्थेचे सभासद नसलेले आणि गळ टाकून मासे धरणारे काही जण, म्हशी पाण्यावर आणणारे गुराखी आणि काठावर धुणे धुणाऱ्या बाया. यांपैकी धुण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पाणी उतरते तसे धुण्याचे दगडही दर पंधरवड्याला पुढे न्यावे लागतात, आणि मध्यम पातळीला ती जागा गाडीवाटेच्या टोकाशी, म्हणजे होड्या उतरतात तेथेच येते. शनिवार-रविवारी कपडे बदललेली अनोळखी माणसे तेथे उभी असतात, म्हणून बायांना धुणे घेऊन दूरच्या निसरड्या काठावर जावे लागते. येत्या ऑक्टोबरच्या फेरीत त्यांना बोलावण्याचे ठरले आहे. फेरीची वेळ सकाळी अकराची होती. ती दुपारी चारची करावी लागणार आहे, कारण अकरा वाजता त्या पाण्यावर असतात.